प्रार्थना केली, तरी पप्पा गेले. आता 'आमेन' कसं म्हणायचं?

सावेडीकर

नमस्कार मंडळी. हा धागा लिहू की नको, असं वर्षभर चाललं होतं. आज लिहितोच.

आम्ही नगरचे. पणजोबांपासून मिशनच्या मंडळीत. एप्रिल 2021 मध्ये पप्पा चौदा दिवस ऑक्सिजनवर होते. चर्चने साखळी प्रार्थना लावली होती, दर तासाला एक घर. रात्री दोन ते तीन आमची पाळी. आई फोन स्पीकरवर ठेवून गुडघ्यांवर बसायची आणि तीन वाजले तरी उठायची नाही. पंधराव्या दिवशी पहाटे दवाखान्यातून फोन आला. दफनाला आम्ही पाच जण होतो.

चर्च पुन्हा उघडल्यावर एका रविवारी एक कुटुंब साक्ष द्यायला उभं राहिलं. त्यांचे वडील त्याच वॉर्डात होते, पप्पांपासून तिसऱ्या खाटेवर. "आम्ही विश्वासाने मागितलं आणि प्रभूने दिलं." सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली. त्या कुटुंबाबद्दल मनात काही नाही, भली माणसं आहेत. पण मी आईकडे पाहिलं. उपासना संगीताचं, म्हणजे भजनांचं, पुस्तक मांडीवर मिटलेलं होतं. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

त्या दिवसापासून माझ्या तोंडून आमेन निघत नाही. चर्चला जातो, गाणी म्हणतो, त्या एका शब्दाला गप्प होतो. विश्वास गेला असंही म्हणवत नाही, कारण रात्री झोपताना अजून बोलतो त्याच्याशी. बहुतेक वेळा भांडतोच.

देव आहे की नाही हा वाद मला नकोय. या अवस्थेत कुणी राहिलंय का? कसे राहिलात? आणि शंका मनात घेऊन उपासनेला बसणं ही लबाडी आहे का?

गिरिजकन्या

तुमच्या आईचा पदर डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे साक्ष नसते, पण वेलंकनीमातेचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, असतो. बहिणीच्या बाळासाठी नऊ दिवस केला, मग पुन्हा नऊ. बाळ राहिलं नाही. मावशी म्हणाली, "मनापासून केला नसशील." मी मावशीशी वर्षभर बोलले नाही. मिस्साला मात्र एकही रविवार चुकवला नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. लबाडी नक्कीच नव्हती.

तर्कटनाना

सावेडीकर, आधी सांगतो, मी नास्तिक आहे आणि तुम्हाला ओढायला आलेलो नाही. वडील गेल्याचं दुःख मलाही ठाऊक आहे.

वर वेलंकनीचं नाव निघालं म्हणून बोलतो. 26 डिसेंबर 2004, रविवार, नाताळचा दुसरा दिवस. त्सुनामी आली तेव्हा तमिळनाडूत वेलंकनीच्या किनाऱ्यावर यात्रेकरूंची गर्दी होती, शेकडो माणसं गेली. मंदिरात मात्र पाणी शिरलं नाही. नंतर कितीतरी जण म्हणत होते, चमत्कार झाला. माझा आक्षेप नेमका तिथे आहे. पाणी दारापाशी अडवता येतं, तर वाळूवर खेळणाऱ्या पोरांपाशी का नाही? खाट क्रमांक तीन वाचते आणि तुमच्या वडिलांची नाही, याला कारण शोधायला गेलं की एक तर देव पक्षपाती ठरतो, नाहीतर गेलेला माणूस कमी पडला असं ठरतं. दुसरं मला जास्त क्रूर वाटतं. तुमच्या आई नेमक्या त्याच कात्रीत बसल्या होत्या.

माणसाला स्वेच्छा दिली म्हणून दुःख आहे, हे उत्तर युद्धाला लागू पडेल. समुद्राला आणि विषाणूला कसली स्वेच्छा?

पाळकाचा_मुलगा

नानांचा आक्षेप मला मान्य आहे. पाळकाच्या घरात वाढून सांगतो, साक्षीची ही पद्धत बायबलला धरून नाही.

त्यातलं ईयोबाचं पुस्तक वाचा. दहा मुलं एका दिवसात गेली. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तिथपर्यंत त्यांचं अगदी बरोबर होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि कारणं द्यायला लागले: तू पाप केलं असशील, तुझ्या मुलांनी केलं असेल, नीट प्रार्थना कर म्हणजे मिळेल. गिरिजकन्या, तुमची मावशी त्याच रांगेतली. ईयोब मात्र देवालाच कोर्टात खेचायच्या गोष्टी करतो, जन्माचा दिवस शापतो. आणि शेवटी, 42व्या अध्यायात, देव रागावतो तो मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं बोलला तसं नीट तुम्ही बोलला नाहीत, असं म्हणतो. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवाशी भांडणारा नीट बोलला!

सावेडीकर, तुम्ही रात्री भांडता असं लिहिलंय. भांडा.

तर्कटनाना

मुद्दा चांगला आहे. पण मग ईयोबाला कारण मिळतं का? वादळातून देव बोलतो तो रानबकऱ्या कधी वितात ते तुला माहीत आहे का, असलं काहीतरी. आणि शेवटी नवी दहा मुलं. जणू गेलेली भरून निघाली.

पाळकाचा_मुलगा

नाही मिळत कारण. ते मी लपवणार नाही. मुलांबद्दल पप्पांनी लहानपणी एक गोष्ट दाखवली होती: मेंढरं, उंट, बैल, गाढवं सगळं दुप्पट मिळतं. मुलं मात्र दुप्पट नाहीत, पहिल्याइतकीच, दहा. पप्पा म्हणायचे, "पहिली दहा हिशेबातून गेलेलीच नव्हती." तुम्हाला हे पटेल असं नाही. मला काही दिवशी पटतं, काही दिवशी नाही.

मार्था_आजी

सावेडीकर बाळा, मी 74 वर्षांची आहे. नातीने टाइप करून दिलं. मंडळीत आमेन सगळे म्हणतात ते यासाठीच, की एकाला जमलं नाही तर बाकीच्यांचं त्याला पुरावं. तू गप्प बस. आम्ही म्हणतो.

गिरिजकन्या

आजी 🙏

खडकावरचे_घर

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. शंकेचं इतकं कौतुक नको. याकोब 1:6 स्पष्ट आहे, शंका धरणारा वाऱ्याने हेलकावणाऱ्या समुद्राच्या लाटेसारखा असतो. मीही संकटातून गेलोय. दुकान बुडालं, दोन वर्षं कर्ज होतं. शंकेला खायला घातलं की ती वाढते. ज्या दिवशी निर्णय घेतला की आता विचारणार नाही, नुसता भरवसा ठेवणार, त्या दिवशी शांती मिळाली. सावेडीकरांनाही तीच मिळावी म्हणून प्रार्थना करतो.

पानगळ

खडकावरचे घर, तुमची कळकळ पोचली. पण त्याच शास्त्रात यहूदाचं छोटंसं पत्र आहे, त्याच्या 22व्या वचनात संशयात असलेल्यांवर दया करा असं आहे. लाट असणं हा त्या माणसाचा हट्ट नसतो. वारा सुटलेला असतो.

शिवाय योहान बाप्तिस्मा करणारा घ्या. त्याने यार्देनेत येशूला बाप्तिस्मा दिला, सगळ्यांना बोट दाखवून सांगितलं. तोच पुढे तुरुंगातून शिष्यांकरवी विचारतो, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहायची? मत्तय 11. येशू त्याच्यावर चिडत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, एवढं सांगून पाठवतो आणि लोकांसमोर त्याचीच वाखाणणी करतो. पण तुरुंगाचं दार काही उघडत नाही. योहानाचं शिर उडवलं गेलं. इतरांचे चमत्कार कानावर येत असताना कोठडीत बसून राहणं म्हणजे तुमचा तो साक्षीचा रविवारच.

सावेडीकर

पानगळ, हा उतारा शंभरदा ऐकलाय. कोठडीच्या बाजूने कधी ऐकला नव्हता.

खडकावरचे घर, तुमच्या प्रार्थनेबद्दल मनापासून आभार. न विचारण्याचा निर्णय मीही दोनदा घेऊन पाहिला. टिकला नाही.

कोरी_पाटी

दुःखाच्या प्रश्नापेक्षा मला बायबलच्या मजकुराचा प्रश्न छळतो. येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत मत्तयाच्या शुभवर्तमानात गळफास घेतो, प्रेषितांच्या कृत्यांत खाली पडून त्याचं पोट फुटतं. मत्तय आणि लूक यांच्या वंशावळी दाविदानंतर वेगवेगळ्या. थडग्यापाशी देवदूत एक की दोन? दृढीकरणाच्या वर्गात विचारलं तर "मोठी झाल्यावर कळेल." मी आता 41 वर्षांची आहे.

पानगळ

कोरी पाटी, या विसंगती खऱ्या आहेत. जुळवणाऱ्यांनी जुळवून दाखवल्यात, उदाहरणार्थ फास तुटून तो खाली पडला असणार, पण मला ती ओढाताण वाटते. आणखीही आहे. व्यभिचारी स्त्रीला दगड मारायची गोष्ट, योहान 8, सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. आणि मार्कचं शुभवर्तमान त्या जुन्या प्रतींत 16:8 ला थांबतं: बाया थडग्यापासून पळाल्या, भ्याल्या होत्या म्हणून कुणाला काही बोलल्या नाहीत. संपलं. पुढची वचनं नंतर जोडलेली.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जमीन सरकली होती. मग उलट वाटायला लागलं. ज्या काळात बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, त्या काळात रचून सांगायचं तर कुणी पहिले साक्षीदार म्हणून बाया कशाला घेईल, त्याही भिऊन पळालेल्या? गुळगुळीत करता आलं असतं ते त्यांनी खडबडीतच ठेवलंय. याने पुनरुत्थान सिद्ध होत नाही. पण वर्गात हे आपल्याला मोकळेपणाने सांगितलं असतं, तर आपण दोघी कमी एकट्या पडलो असतो.

कोरी_पाटी

आपण दोघी :) हो.

देशावरचा

विषय निघालाच आहे तर एक आक्षेप. गोव्यात 1560 ते 1812 इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, मधली काही वर्षं सोडता. ज्या संताच्या शवदर्शनाला आजही लाखो लोक जातात, त्या झेवियरनेच 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून ते मागवलं होतं. इकडे दुष्काळात गव्हासाठी माणसं बाटली. अशा पायावरच्या श्रद्धेत शंका येणार नाही तर काय होईल?

मिशन_कंपाउंड

देशावरचा, इन्क्विझिशनबद्दल मी एक शब्दही बचावाचा लिहिणार नाही. ते पापच होतं.

गव्हाबद्दल मात्र लिहितो, कारण ते माझ्या घराबद्दल आहे. पणजोबा नगर जिल्ह्यातले, महारवाड्यातले. 1876 ते 78 चा दुष्काळ. समजा, गव्हासाठीच आले. उपाशी माणसाने भाकरीकडे जाण्यात लाज कसली? पण दुष्काळ 1878 ला सरला, गहू संपला. आमची आज पाचवी पिढी आहे. मधल्या काळात फायदा बघायचा असता तर परत जायला कारणं भरपूर होती: 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. 1956 मध्ये शिखांना मिळाल्या, 1990 मध्ये बौद्धांना, आम्हाला अजून नाहीत. वडिलांची नोकरी थोडक्यात हुकली, कागदावर एक शब्द वेगळा लिहिला असता तर लागली असती. त्यांनी लिहिला नाही.

माझी शंका वेगळीच आहे, ती आतून येते. प्रभूच्या मेजाला एकाच प्याल्यातून पिणारे लोक मुलीचं लग्न ठरवताना "मूळचे कोण" विचारतात. बहिणीच्या वेळी विचारलं गेलं, चर्चच्याच पायऱ्यांवर. देवाबद्दल शंका घेण्याइतका वेळ मला माणसांनी कधी ठेवलाच नाही.

देशावरचा

मिशन कंपाउंड, गव्हाचं वाक्य मी मागे घेतो. ऐकलेलं होतं, तसंच लिहून टाकलं.

संपादक

धर्मांतराची चर्चा पुढे न्यायची असेल तर वेगळा धागा काढावा. इथे मूळ विषयावर राहूया.

जुनी_पोथी

मूळ विषयाकडेच येतो. शंका घेऊन जगलेल्या माणसांचा मराठी ख्रिस्ती समाजाचा वारसा मोठा आहे आणि आपल्याच चर्चांतून तो सांगितला जात नाही, याचं फार वाईट वाटतं.

नीलकंठशास्त्री गोऱ्हे. जन्म 1825, चित्पावन घराणं, वाढले काशीत. मिशनऱ्यांना उत्तर म्हणून त्यांनी संस्कृतात ख्रिस्ती धर्माच्या खंडनाचा ग्रंथ लिहिला, विशीच्या आसपास. वाद घालायला मिशनऱ्याकडे जात राहिले आणि 1848 मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या झाले. इथवर गोष्ट सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत: शंका त्यांना शेवटपर्यंत सुटली नाही. 1895 मध्ये मुंबईत वारले, तोवर जवळजवळ 47 वर्षं ते स्वतःच्या विश्वासाची उलटतपासणी करत होते. ज्या बुद्धीने आधी ख्रिस्ती मत खोडलं, तीच बुद्धी बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळली नाही. आणि हाच माणूस दुसऱ्यांच्या शंका फेडायला वणवण फिरला. पंडिता रमाबाई ख्रिस्ताकडे वळल्या त्यात गोऱ्ह्यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता.

आता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा. आणि लगेच मठातल्या सिस्टरांशी पत्रांतून खडाजंगी: त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मला पटत नाही, ते शास्त्रातून दाखवा, बिशप म्हणतात म्हणून मानणार नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, यावरून सुद्धा वाद. समोरच्यांना हा अहंकार वाटला. पण केडगावला मुक्ती मिशन कुणी उभं केलं? मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खं बायबल साध्या मराठीत कुणी आणलं? 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी बाई भाषांतराला बसल्या होत्या, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये काम हातावेगळं करूनच गेल्या.

सावेडीकर, तुम्ही ज्या बाकावर बसता, तिथे आधी ही माणसं बसून गेलीत.

टोरांटोची_शांता

अवांतर: गोऱ्ह्यांची मुलगी एलन लक्ष्मी गोऱ्हे. तिने लिहिलेलं इंग्रजी भजन इथे टोरांटोच्या चर्चमध्ये ऐकलं. लेखिकेचं आडनाव वाचून मी शेजारच्या बाईंना "ही आमची!" म्हणून सांगितलं. गाणं चालू असतानाच.

देऊळगल्ली

मी हिंदू, वारकरी घरातली. मला अडतं ते येशूच्या "मीच मार्ग" या वाक्यापाशी. माझी आजी आयुष्यभर विठ्ठलाची, मुंगीलाही दुखावलं नाही. ती तुमच्या हिशेबात कुठे बसते? हे मी भांडायला विचारत नाही. सगळ्यात जवळची मैत्रीण ख्रिस्ती आहे, तिला विचारायला कधी धीर झाला नाही.

गिरिजकन्या

देऊळगल्ली, विचारा तिला. आमच्या चर्चची शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1964-65 मध्ये, उघड मांडली गेली: ज्यांना ख्रिस्त कळला नाही पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाला जागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. सगळे ख्रिस्ती पंथ हे मानत नाहीत, तेही खरं. मी मानते. तुमच्या आजीबद्दल मला तरी काळजी नाही.

पाळकाचा_मुलगा

आणि रेव्हरंड ना. वा. टिळक! 1895 ला ख्रिस्ती झाले ते म्हणत की तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. उपासना संगीतात त्यांचे अभंग आम्ही टाळ घेऊन म्हणतो. कोणी कुणाचा पूल होईल, आपण कोण सांगणार.

तर्कटनाना

पाच वर्षांत पहिल्यांदा धर्माच्या धाग्यावर कुणी मला शिवी दिली नाही. म्हणून एक प्रामाणिक प्रश्न: मग तुम्ही राहता का? कारण मिळत नाही, प्रार्थना लागू पडेल याची खात्री नाही, ग्रंथात विसंगती, माणसं जात विचारतात. तरी?

मिशन_कंपाउंड

कारण क्रूसावरचा माणूस. "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हे ओरडणारा देव मला दुसरीकडे सापडला नाही. आदल्या रात्री गेथशेमानेत त्याने स्वतःसाठी मागितलं होतं, हा प्याला टळू दे. टळला नाही. नाना, माझा देव वरून खाटा मोजत बसलेला नाही, तो खाटेवर आहे. हा पुरावा नव्हे, हे मला कळतं. पण वडील नोकरी हुकल्यावर ज्याच्यापाशी जाऊन बसले, तो हा.

तर्कटनाना

हं. यावर घाईने लिहिणार नाही.

पानगळ

सावेडीकर, एक सुचवू? स्तोत्र 88 वाचा. बाकीची रडगाणी शेवटी कुठेतरी वळतात, आशेवर येतात. हे वळत नाही. शेवट अंधारात होतो. कुणीतरी ते लिहिलं, आणि कुणीतरी ते पवित्र म्हणून जपलं, दुरुस्त न करता. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापली गेली तेव्हा लोक हादरले, जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देव जाणवत नव्हता म्हणून. मला ती वाचून हेच स्तोत्र आठवलं.

सावेडीकर

तीन आठवडे आलो नाही, माफी असावी. सगळे प्रतिसाद प्रिंट काढून आईला दिले. तिने चष्मा लावून दोन दुपारी वाचले. मार्था आजींच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. नानांच्या खाली पण मारली, "क्रूर" या शब्दाखाली. मग म्हणाली, त्या रविवारी तिला बाहेर निघून जायचं होतं, माझ्यासाठी बसून राहिली. आणि मी तिच्यासाठी. चार वर्षं एका बाकावर बसून आम्ही हे एकमेकांना बोललो नव्हतो.

तिने आणखी एक सांगितलं, रात्री दोन ते तीन ती पप्पा बरे व्हावेत म्हणून पहिले चार-पाच दिवसच मागत होती. नंतर फक्त "त्यांना एकटं वाटू देऊ नको" एवढंच. ते मिळालं की नाही, कुणालाच माहीत नाही. वॉर्डात आत जाऊ देत नव्हते.

परवा पाळकसाहेबांना भेटलो. साक्षीच्या रविवारबद्दल सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या लाटेत त्यांनी 23 दफनं केली आणि एकदाही स्तोत्र 88 वाचायचा धीर झाला नाही. येत्या रविवारी साक्षीच्या आधी ते वाचायचं ठरलंय. वाचणार मी.

आई विचारतेय, त्याच्या शेवटी आमेन म्हणायचं असतं का.

पानगळ

88 च्या शेवटी आमेन छापलेलं नाही. 89 च्या शेवटी आहे, दोनदा.

सावेडीकर

सांगतो तिला. रविवारी 88 एवढंच वाचतो.